मुदत कोणी ठरवायची? एकत्र निवडणुकांच्या विधेयकाचे ओळवार वाचन

'राज्यघटना (एकशे एकोणतिसावी सुधारणा) विधेयक, २०२४' अवघ्या पाच कलमांचे आहे. 'एक देश, एक निवडणूक' या घोषणेवर जेवढी भाषणे झाली, त्या मानाने मूळ मसुदा फार थोड्यांनी वाचला असावा. भाषणांत खर्च असतो, आचारसंहिता असते, स्थैर्य असते. मसुद्याच्या कलमांत यांतले काही नाही. तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच विषय आहे, तो म्हणजे मुदत. निवडून दिलेले सभागृह किती काळ चालायचे आणि तो काळ कुठून मोजायचा? आज विधानसभेची पाच वर्षे तिच्या स्वतःच्या पहिल्या बैठकीपासून मोजतात. हे विधेयक ती लोकसभेच्या मुदतीला नेऊन बांधते. माझ्या मते गाभा हाच आहे आणि वाद घालायचा तर याच जागी घातला पाहिजे.

पुढे प्रत्येक तरतूद आधी आणि तिच्यावरचे भाष्य नंतर दिले आहे. शब्द माझे, आशय मसुद्याचा.

उद्देश व कारणे: 'निवडणुका खर्चिक आणि वेळखाऊ झाल्या आहेत. वारंवार लागू होणाऱ्या आचारसंहितेमुळे विकासकामे थांबतात, सेवा विस्कळीत होतात आणि मनुष्यबळ दीर्घकाळ निवडणुकीच्या कामात अडकून पडते.'

यातले दुखणे खरे आहे. २०२४ साली महाराष्ट्रात लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती जूनपर्यंत राहिली. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली आणि नोव्हेंबरअखेर उठली. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक या दोन्ही वेळा मतदान केंद्रावर गेला. आदल्या दिवशी यंत्रांच्या पेट्या ताब्यात घ्यायच्या, एसटीने केंद्र गाठायचे, रात्र त्याच खोलीत काढायची, पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचे आणि संध्याकाळी नोंदवलेल्या मतांच्या हिशेबाचा नमुना १७क भरून सही करून द्यायचा. एकत्र निवडणुकीत त्याच्यापुढे यंत्रांचे दोन संच आणि १७कच्या दोन प्रती असतील, पण खेप एकच होईल. मतदार यादीचाही प्रश्न नाही, कारण लोकसभेची आणि विधानसभेची यादी आजही एकच असते.

तरीही दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. आचारसंहिता हा संसदेने केलेला कायदा नव्हे. १९६० मध्ये केरळात पक्षांच्या संमतीने तिची सुरुवात झाली आणि तिचा काळ निवडणूक आयोग मतदान किती टप्प्यांत घेतो यावर अवलंबून असतो. २०२४ ची लोकसभा निवडणूक सात टप्प्यांत झाली, त्यातले पाच महाराष्ट्रात होते. टप्पे कमी करायला घटनादुरुस्ती लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की, एकत्र निवडणुकांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या रामनाथ कोविंद समितीने पंचायती आणि नगरपालिकांच्या निवडणुकाही शंभर दिवसांच्या आत घ्याव्यात असे सुचवले होते, तो भाग या विधेयकात नाही. त्याला निम्म्या राज्यांची संमती लागली असती. म्हणजे आपला शिक्षक स्थानिक निवडणुकांसाठी पुन्हा केंद्रावर जाणारच आहे.

नवा अनुच्छेद ८२अ (१): 'सार्वत्रिक निवडणुकीनंतर लोकसभेची पहिली बैठक होईल त्या दिवशी राष्ट्रपती जाहीर अधिसूचना काढून हा अनुच्छेद अमलात आणू शकतील. अधिसूचनेचा दिवस हा नियत दिनांक समजला जाईल.'

पाच वर्षांतून एकच दिवस. अठराव्या लोकसभेची पहिली बैठक २४ जून २०२४ ला झाली, तेव्हा हे विधेयक मांडलेही गेले नव्हते. त्यामुळे लोकसभा ठरल्या वेळी चालली तर सर्वांत लवकरचा नियत दिनांक २०२९ मधला आणि पहिली एकत्र निवडणूक २०३४ मधली. 'आणू शकतील' या क्रियापदाने निर्णय त्या दिवशीच्या मंत्रिमंडळाकडे जातो, कारण राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. त्या दिवशी अधिसूचना निघाली नाही, तर दुरुस्ती मंजूर असूनही पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत निपचित राहील. असे आपल्याकडे घडलेले आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेवर बंधने घालणारे चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचे तिसरे कलम १९७८ पासून अधिसूचनेची वाट पाहत आहे. संसदेने मंजूर केलेली गोष्ट अमलात कधी आणायची हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, असे मला वाटते. निदान आयोगाने तयारीचा अहवाल आधी संसदेपुढे ठेवावा, एवढी तरी अट इथे असायला हवी होती.

८२अ (२): 'अनुच्छेद ८३ व १७२ मध्ये काहीही असले तरी, नियत दिनांकानंतरच्या सार्वत्रिक निवडणुकांतून स्थापन झालेल्या सर्व विधानसभांची मुदत लोकसभेच्या पूर्ण मुदतीबरोबर संपेल.'

सगळ्या विधेयकाचा भार या एका वाक्यावर आहे, म्हणून हिशेब मांडूनच पाहू. नियत दिनांक जून २०२९ मधला धरला आणि मध्ये कोणतीही विधानसभा मुदतीआधी पडली नाही असे मानले, तर महाराष्ट्राची पुढची विधानसभा २०२९ च्या अखेरीस निवडली जाईल आणि २०३४ च्या मध्यावर संपेल. म्हणजे साडेचार वर्षे. गोव्यात २०२२, २०२७ आणि मग २०३२: त्या वर्षी गोवेकर जे सरकार निवडतील ते दोन वर्षांचे असेल. उत्तर प्रदेशाचेही तेच. कर्नाटकात २०२३, २०२८, २०३३: तिथल्या मतदाराला जेमतेम एका वर्षाचे सरकार मिळेल. पहिला अर्थसंकल्प मांडून होतो न होतो तोच पुढच्या प्रचाराला सुरुवात. हे फक्त एकदाच होणार आहे, असे समर्थक सांगतात. ते खरे आहे, पण ज्याच्या मताला एक वर्षाचीच किंमत आली त्याला ते समजावून सांगणे अवघड आहे.

समर्थकांचा दुसरा मुद्दा अधिक वजनाचा आहे. अनुच्छेद १७२ मधली पाच वर्षे ही कमाल मर्यादा आहे, हमी नाही. विधानसभा आजही आधी विसर्जित होते. हे बरोबर आहे. पण आज ती आधी संपते तेव्हा कारण त्या राज्यातच असते. सरकारने बहुमत गमावले, मुख्यमंत्र्यांनी शिफारस केली किंवा राज्यात घटनात्मक यंत्रणा कोलमडली. राष्ट्रपती राजवटीच्या अनुच्छेद ३५६ च्या वापराला न्यायालयाची तपासणी लागू आहे, हे १९९४ च्या बोम्मई निकालाने पक्के केले. खंड (२) मध्ये मात्र राज्यात काही न घडताही तिथल्या सभागृहाची मुदत संपते, कारण दुसऱ्याच सभागृहाची पाच वर्षे भरलेली असतात. मुदतीला यापूर्वीही हात लागला आहे. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभा या दोन्हींची मुदत सहा वर्षे केली होती, ती दोनच वर्षांत चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने पुन्हा पाचवर आणली. राज्यकर्त्यांनी सभागृहाची मुदत आपल्या सोयीने ठरवली की लोकांना ते पटत नाही, हे त्या वेळी दिसले होते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. लोकसभा मध्येच विसर्जित झाली तर सगळ्या विधानसभाही पडतील, असे बऱ्याच जणांना वाटते. मसुदा तसे म्हणत नाही. 'पूर्ण मुदत' हे शब्द त्यासाठीच घातले आहेत. लोकसभा दीड वर्षात पडली तरी विधानसभा चालू राहतील.

८२अ (३): 'या राज्यघटनेत वा कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, लोकसभेची पूर्ण मुदत संपण्यापूर्वी निवडणूक आयोग लोकसभेच्या व सर्व विधानसभांच्या सार्वत्रिक निवडणुका एकत्र घेईल. राज्यघटनेचा भाग १५ या निवडणुकांना लागू राहील. मात्र आवश्यक वाटतील व आयोग आदेशाने विनिर्दिष्ट करील अशा फेरबदलांसह.'

वाचताना नजर पहिल्या वाक्यावरून पुढे सरकते, पण थांबायचे दुसऱ्या वाक्यापाशी. भाग १५ म्हणजे अनुच्छेद ३२४ ते ३२९. धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून कोणालाही मतदार यादीतून वगळता येणार नाही हा ३२५ त्यातच आहे, आणि प्रौढ मताधिकार देणारा ३२६ सुद्धा. या भागात 'आदेशाने फेरबदल' करण्याचा अधिकार आयोगाला देणे म्हणजे राज्यघटनेच्या मजकुरात शासकीय आदेशाने बदल करू देणे. मसुदाकारांच्या मनात वेळापत्रक आणि कार्यपद्धती एवढेच असावे, असे मी मानतो. तसे असेल तर तसे लिहावे. '३२५ व ३२६ वगळून' एवढ्या शब्दांनी ही फट बुजते. नंतर न्यायालयाने संकुचित अर्थ लावण्याची वाट पाहण्यापेक्षा आत्ताच शब्द दुरुस्त करणे केव्हाही चांगले.

८२अ (४): 'एकत्र निवडणुका म्हणजे लोकसभा व सर्व विधानसभा एकाच वेळी स्थापन करण्यासाठी घेतलेल्या सार्वत्रिक निवडणुका.'

एकाच दिवशी मतदान, असे इथे कुठेही म्हटलेले नाही. टप्पे राहतीलच. तेव्हा देशभर एकच मतदानाचा दिवस हे चित्र मनातून काढून टाकावे.

मतदार एका खोलीत दोन मते देताना वेगळा विचार करतो का, हा प्रश्न या व्याख्येला लागूनच येतो. महाराष्ट्राकडे स्वतःचे उदाहरण आहे. विधानसभेला मुदत शिल्लक असताना ती विसर्जित करून सप्टेंबर १९९९ मध्ये दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या. शिवसेना-भाजप युतीने लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा जिंकल्या, पण विधानसभेत त्यांना २८८ पैकी १२५ वर थांबावे लागले. वेगवेगळे लढलेल्या काँग्रेस आणि राष्ट्रवादीने मिळून विलासराव देशमुखांचे सरकार बनवले. एकत्र मतदानात राज्याचे प्रश्न वाहून जातात, असे सरसकट म्हणता येत नाही. मात्र २०२४ चाही अनुभव आहे. लोकसभेला महाविकास आघाडीने ३० जागा घेतल्या. सहाच महिन्यांनी महायुतीतल्या तीन पक्षांना २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. मधल्या काळात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली, कांदा-सोयाबीनच्या भावावर सरकारला बोलावे लागले. त्या योजनेबद्दल मत काहीही असो, पहिल्या कौलाने सरकारला हलवले आणि त्यावर मत द्यायला लोकांना दुसरी संधी मिळाली. एकत्र निवडणुकीत ही दुसरी संधी नसते. खर्चाच्या कोणत्याही ताळेबंदात हा तोटा दिसत नाही.

८२अ (५): 'एखाद्या विधानसभेची निवडणूक लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबर घेता येणार नाही असे आयोगाचे मत झाले, तर ती पुढच्या तारखेस घ्यावी असे आदेशाने जाहीर करण्याची शिफारस आयोग राष्ट्रपतींकडे करू शकेल.'

८२अ (६): 'निवडणूक अशी पुढे ढकलली तरी त्या विधानसभेची पूर्ण मुदत, त्या सार्वत्रिक निवडणुकीतून आलेल्या लोकसभेच्या पूर्ण मुदतीबरोबरच संपेल.'

हे दोन खंड एकत्र वाचले पाहिजेत. कारणे कोणती? लिहिलेली नाहीत. पुढची तारीख किती पुढची? मर्यादा नाही. संसदेची मान्यता? नाही. दरम्यान राज्याचा कारभार कोण पाहणार? मौन. आणि खंड (६) मुळे ढकललेला प्रत्येक महिना त्या राज्याच्या मतदाराच्या मुदतीतून वजा होणार. वर्षभर पुढे गेली तर त्याला चार वर्षांचेच सरकार.

आयोग असे उगाच करणार नाही, असे उत्तर मिळेल. महाराष्ट्रातल्या माणसाला या उत्तराने धीर येत नाही, कारण निवडणूक पुढे जाणे म्हणजे काय हे त्याने भोगले आहे. अनुच्छेद २४३प नगरपालिकेला पाच वर्षे देतो, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करा असे स्पष्ट बजावतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात हेच ठणकावून सांगितले. तरी मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेतले बदल, पुन्हा खटला अशी कारणे एकामागून एक येत गेली आणि प्रत्येक कारण त्या त्या वेळी खरेच होते. त्या जवळपास चार वर्षांत पाणी कमी दाबाने येते म्हणून प्रभाग कार्यालयात गेलेल्या बाईला अर्जावर शिक्का मिळत होता. पण तिच्या वतीने सभागृहात उभे राहून प्रशासनाला विचारणारा नगरसेवक नव्हता. अर्थसंकल्प प्रशासकानेच मांडला, प्रशासकानेच मंजूर केला. स्पष्ट मनाई असतानाही हे घडले. खंड (५) मध्ये तर मनाईच नाही.

मर्यादा कशी घालावी हे राज्यघटनेला ठाऊक आहे. अनुच्छेद ३५६ खालची उद्घोषणा दोन महिन्यांत संसदेने मान्य करावी लागते. ती वर्षापलीकडे न्यायची तर आणीबाणी लागू असावी लागते आणि निवडणूक घेणे अवघड आहे असे आयोगाचे प्रमाणपत्र लागते. तीन वर्षांनंतर तेही चालत नाही. हीच शिस्त इथे आणता येईल. कारणे लेखी द्यावीत, ती संसदेपुढे ठेवावीत आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी. धनंजय चंद्रचूड आणि जगदीशसिंग खेहर यांसारखे माजी सरन्यायाधीश हे विधेयक तपासणाऱ्या संसदेच्या संयुक्त समितीपुढे येऊन गेले, तेव्हा आयोगाच्या या अधिकारावर बोलणे झाल्याच्या बातम्या होत्या. समितीने सर्वाधिक वेळ द्यावा असा खंड हाच.

८२अ (७): 'विधानसभेच्या निवडणुकीची अधिसूचना काढताना तिची पूर्ण मुदत कधी संपेल ती तारीख आयोग जाहीर करील.'

चांगली तरतूद आहे. आपण किती काळासाठी सरकार निवडतो आहोत, हे मतदाराला आधीच कळेल.

अनुच्छेद ८३ मधील नवे खंड: 'पहिल्या बैठकीपासूनची पाच वर्षे ही लोकसभेची पूर्ण मुदत. ती आधी विसर्जित झाल्यास उरलेला काळ ही असमाप्त मुदत. नवी लोकसभा तेवढ्याच काळासाठी असेल. ती आधीच्या सभागृहाचा पुढचा भाग समजली जाणार नाही. अशी निवडणूक मध्यावधी आणि पूर्ण मुदतीची ती सार्वत्रिक.' अनुच्छेद १७२ मध्ये विधानसभांसाठी हेच.

स्थैर्याचा दावा इथे तपासून घ्यावा. १९५१-५२ ते १९६७ पर्यंत निवडणुका बहुतेक एकत्रच झाल्या. ती घडी कोणी कायद्याने मोडली नव्हती. केरळचे सरकार १९५९ मध्ये बरखास्त झाले, १९६७ नंतर अनेक राज्यांत आघाडी सरकारे पडत गेली, १९७० च्या अखेरीस लोकसभाच मुदतीआधी विसर्जित झाली. सरकार पडू नये याची कोणतीही सोय या मसुद्यात नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्यात पर्यायी नेता निवडल्याशिवाय चान्सलरवर अविश्वास ठराव संमत होत नाही. तसे काही इथे नाही. म्हणजे सरकारे पडतील, मध्यावधी निवडणुका होतील आणि ठरलेली सार्वत्रिक निवडणूकही होईलच. एखादे सभागृह चौथ्या वर्षाच्या अखेरीस पडले, तर एका वर्षात दोन निवडणुका. खर्च वाचवण्यासाठी केलेली दुरुस्ती तिथे खर्च वाढवेल.

असमाप्त मुदत आठ महिन्यांचीच उरली तर? निवडणूक घ्यायची की नाही, याला मसुद्यात उत्तर नाही. एका जागेच्या पोटनिवडणुकीला ते आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१अ सांगते की उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर सहा महिन्यांत जागा भरण्याचे बंधन नाही. पूर्ण सभागृहासाठी मात्र विचारच केलेला नाही, आणि ती रिकामी जागा राष्ट्रपती राजवट भरून काढेल ही भीती अनाठायी नाही.

अनुच्छेद ३२७: 'मतदारसंघांची पुनर्रचना या शब्दांनंतर एकत्र निवडणुका घेणे हे शब्द घालावेत.' यामुळे संसदेला या विषयावर कायदा करता येईल. याच विधेयकाबरोबर आलेले दुसरे, केंद्रशासित प्रदेशांचे विधेयक दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीर यांच्या विधानसभांना हीच मुदत लावते.

आता वाटचाल. कोविंद समिती २ सप्टेंबर २०२३ ला नेमली गेली. १८,६२६ पानांचा अहवाल १४ मार्च २०२४ ला राष्ट्रपतींना दिला. मत कळवणाऱ्या ४७ पक्षांपैकी ३२ अनुकूल, १५ प्रतिकूल. मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबरला अहवाल स्वीकारला आणि १७ डिसेंबरला कायदामंत्री अर्जुनराम मेघवाल यांनी लोकसभेत विधेयक मांडले. मांडण्यालाच विरोध झाला, म्हणून मतविभाजन घ्यावे लागले. संसदेच्या नव्या इमारतीत लोकसभेने यंत्राने घेतलेले ते पहिले मतविभाजन. काहींनी चिठ्ठ्यांवर मते दुरुस्त केली आणि अंतिम आकडा २६९ विरुद्ध १९८ असा आला. मांडायला साधे बहुमत पुरते. संमत करायला अनुच्छेद ३६८ प्रमाणे एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश, दोन्ही लागतात, तेही प्रत्येक सभागृहात वेगवेगळे. संयुक्त बैठकीची सोय घटनादुरुस्तीला नाही. त्या दिवशीच्या ४६७ मतांचे दोनतृतीयांश ३१२ होतात. म्हणजे सरकारला ४३ मते कमी पडली असती आणि २७२ चा आकडाही गाठता आला नसता.

विधेयक पी. पी. चौधरी यांच्या अध्यक्षतेखालच्या ३९ जणांच्या संयुक्त समितीकडे गेले. सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे त्यात आहेत. मे २०२५ मध्ये समिती महाराष्ट्रात येऊन गेली. तिची मुदत एकाहून अधिक वेळा वाढवून घ्यावी लागली, आणि त्यात मला गैर वाटत नाही. ४३ मते विरोधी बाकांवरून आणायची असतील तर मसुदा बदलावा लागेल. ते काम समितीतच होऊ शकते. खंड (५) ला सहा महिन्यांची मर्यादा, खंड (३) मधून ३२५ आणि ३२६ वगळणे, असमाप्त मुदत वर्षाहून कमी असेल तेव्हा काय करायचे याचा नियम आणि पहिल्या फेरीत एक-दोन वर्षांचीच सरकारे वाट्याला येणाऱ्या राज्यांसाठी वेगळी सोय: या चार दुरुस्त्या समितीच्या अहवालात आल्या तर विधेयकावर वाटाघाट होऊ शकेल. त्यासाठी वेळ आहे, पण अमर्याद नाही. लोकसभेत प्रलंबित असलेले विधेयक लोकसभेबरोबरच व्यपगत होते, असे अनुच्छेद १०७ सांगतो. अठराव्या लोकसभेची पाच वर्षे जून २०२९ मध्ये भरतात.